गव्हाणच्या मोरीजवळचा बिघाड

माझ्या सासूबाई सुकापूरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगायच्या, ‘आमची सून टेलिफोनात आहे.’ त्यामुळे कुणाचा फोन बंद पडला की शेजारणी माझ्याकडे यायच्या आणि मला फोन दुरुस्त करता येत नाही हे कळलं की हिरमुसून परत जायच्या. शेवटी एकीनं सरळ विचारलं की मग तुम्ही तिथं नक्की करता तरी काय? मी म्हटलं, काचा पुसते. ती बिचारी ओशाळली. मी सफाईकाम करते आणि तिनं उगाच चारचौघांत विचारलं असं तिला वाटलं. मीही खुलासा केला नाही, कारण माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मला आजवर सापडलेलं नाही.

पनवेलच्या आमच्या मशीनरूममध्ये मी बरीच वर्षं काढली. बाहेर चपला काढायच्या, आत पाऊल ठेवलं की एसीचा गारवा आणि पंख्यांची एकसुरी घरघर. भिंतीला लागून कपाटांएवढे सांगाडे, त्यांत मशीन्स आणि मशीन्समधून निघालेल्या पिवळ्या वायरी. या वायरींत तांबं नसतं. केसाएवढी काचेची तार असते, तिच्या पोटात केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी वाट असते आणि त्या वाटेनं प्रकाश धावतो. तुमचा फोन, बँकेचं मशीन, बंदरातल्या कंटेनरचे कागद, सगळं त्या प्रकाशावर स्वार होऊन जातं. दोन तारा जिथं एकमेकींना टोकाला टोक लावून भेटतात तिथं धुळीचा एक कण बसला तरी त्या वाटेवर दरड कोसळल्यासारखं होतं. डोळ्यांना काही दिसत नाही. हातात धरायच्या छोट्या मायक्रोस्कोपखाली टोक ठेवलं की मग कळतं.

आणि धुळीच्या बाबतीत पनवेलचा हात धरणारं गाव मी पाहिलेलं नाही. डोंगर फोडणाऱ्या खाणी, त्यांची खडी वाहणारे डंपर, जिकडे तिकडे उभ्या राहणाऱ्या इमारती, वर खाडीचा खारा वारा. आमची मशीनरूम कितीही बंद ठेवली तरी धूळ आत यायचीच. म्हणून ती टोकं पुसायची. आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कागदावर एकाच दिशेनं ओढायची, नाही निघालं तर स्पिरिटचा थेंब लावून, मग पुन्हा कोरडी. पुसल्यावर पाहायचं, पाहिल्यावर जोडायचं. चालू तारेच्या टोकात कधीही डोळा घालायचा नाही, कारण तो प्रकाश दिसत नाही पण डोळा जाळतो. शिकवायला लागलं तर दिवसभरात शिकवून होतं, पण अंगवळणी पडायला वर्षं जातात. माणसाचा हात सारखा त्या टोकाकडे जातो. पुढं घरोघरी फायबर आलं तेव्हा कामोठ्यातले एक क्लासवाले सर नेट बंद पडलं की वायर काढून तिच्यावर फुंकर मारायचे आणि पुन्हा खोचायचे. तोंडातली वाफ त्या टोकावर बसायची. नेट आणखी बिघडायचं, सर आणखी जोरात फुंकायचे. मी त्यांना मायक्रोस्कोपमधून त्यांच्या फुंकरीचा प्रताप दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले की पोरांना एकदा हे दाखवायला हवं. चार दिवसांनी खरंच वर्गातली सगळी पोरं घेऊन आमच्या दारात हजर. आमच्या साहेबांनी आत सोडलं नाही, म्हणून मी मायक्रोस्कोप बाहेर व्हरांड्यात आणला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या आधीची, दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. ती आठवली की अजूनही सुटल्यासारखं वाटतं.

दसरा नुकताच झाला होता. आमच्याकडून उरणला जाणाऱ्या लाइनवर नवं मशीन बसलं होतं आणि ती लाइन पॅनेलवरच्या एका मोकळ्या सॉकेटमध्ये हलवली होती. दोन दिवसांत तिची तब्येत बिघडली. सकाळी ठीक, दुपारी मान टाकायची, दिवेलागणीला पुन्हा सुरू. बंदराकडच्या कंटेनर यार्डांची कामं त्या लाइनवर चालायची. दुपारी लाइन गेली की गेटवर ट्रेलरच्या रांगा लागायच्या आणि आमच्या पाटणकर साहेबांचा फोन वाजायला लागायचा. पाटणकर साहेब म्हणजे आमच्या रूमचे इंजिनिअर. शांत माणूस, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही, पण त्या आठवड्यात ते जेवणाचा डबा न उघडताच घरी परत न्यायचे.

बाहेरच्या केबलची देखभाल एका ठेकेदाराकडे होती. त्याचा सुपरवायझर राणे. राण्यांच्या माणसांनी आमच्या रूममधून तपासणीचं मशीन लावून लाइन तपासली. हे मशीन तारेत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत काय येतं त्यावरून बिघाड किती अंतरावर आहे ते सांगतं. मशीननं गव्हाणच्या अलीकडे एक खोट दाखवली. राणे तिथं गेले. रस्त्याखालून पावसाचं पाणी जायला मोरी आहे, तिच्याजवळून आमची केबल जाते. तिथं झुडपात त्यांना काळ्या केबलची सोललेली सालं सापडली. थोडं पुढं खाडीकडे एका घरासमोर जाळं वाळत घातलं होतं आणि त्या जाळ्याला ठिकठिकाणी पिवळ्याधमक दोऱ्यानं सांधलेलं होतं. तो दोरा आमच्या केबलच्या पोटातला. काचेच्या तारेला ताण बसू नये म्हणून तो घालतात. हातानं तुटत नाही, आणि कोळ्यांच्या भाषेत सांगायचं तर खाऱ्या पाण्याला दाद देत नाही.

ते घर हिराजी कोळ्यांचं होतं. हिराजी एका कंटेनर यार्डात कामाला होते आणि पाळी नसेल तेव्हा खाडीत जाळं टाकायचे. राण्यांनी जाळ्यासकट त्यांना जवळच्या चौकीत नेऊन बसवलं. हे असं करायला राणे काही दुष्ट नव्हते. त्या भागात तांब्याच्या केबली खरोखरच चोरीला जायच्या. गेल्या उन्हाळ्यात राण्यांची माणसं त्यापायी रात्र रात्र उघड्यावर राबली होती. त्यांना चोर सापडल्याचा आनंद झाला होता, इतकंच. चौकीतल्या हवालदारांनी सांगितलं की कंपनीची लेखी तक्रार आणा, मग गुन्हा नोंदवू. राणे तक्रार टाइप करूनच साहेबांच्या टेबलावर घेऊन आले. फक्त सही बाकी होती.

मी तेव्हा शेजारच्या टेबलावर होते. मला एक गोष्ट खटकत होती आणि ती मी बोलून दाखवली, की कापलेली केबल संध्याकाळी आपोआप कशी सुरू होईल? राणे म्हणाले, पूर्ण कापलेली नाही, सोलून ठेवलीय, उन्हात ताणली की जाते. ते अगदीच अशक्य नव्हतं. साहेब दोघांचंही ऐकून घेत होते. पेन उघडून हातात धरलेलं होतं. मग त्यांनी ते बंद केलं आणि राण्यांना म्हणाले, “एकदा उरणच्या बाजूनं मोजून घेऊ. मग सही करतो.”

राण्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आपल्यावर विश्वास नाही. साहेबांनी त्यांना समजावलं की मशीनला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. जिथून ठोका सोडतो तिथलं पहिलं थोडं अंतर त्याला आंधळं असतं. म्हणून दुसऱ्या टोकाकडूनही बघायला हवं, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि मी जीपनं उरणला निघालो. गव्हाणच्या मोरीपाशी एक बाई रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. जीपवर कंपनीचं नाव होतं, ते तिला ओळखता येत होतं. ती हिराजींची बायको, जनाबाई. पन्नाशीची असेल. मासळीची पाटी बाजूला ठेवलेली, तशीच बाजारातून परत आलेली दिसत होती. ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. जीपच्या खिडकीशी आली आणि साहेबांना सोडून माझ्याशी बोलली.

“ताई, तुमची केबल टाकली ना, तवा तुमच्याच मानसांनी तुकडं हितं टाकलं. दोन पावसालं झालं. आमी त्यातला दोरा काढला. पुरलेल्या केबलीला हात नाय लावला आमी.”

मी तिला विचारलं की हे चौकीत सांगितलं का. सांगितलं होतं, पण दोरा तर पिवळा तोच, मग ऐकणार कोण? मग तिनं खरी अडचण सांगितली. यार्डात बातमी पोचली होती. पोलिसांत नाव गेलेल्या माणसाला तिथं आत घेत नाहीत. गेटपास रद्द झाला की पुन्हा मिळत नाही. त्यांची मिठागराची जमीन केव्हाच गेली होती, खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नव्हती आणि घर त्या गेटपासवर चालत होतं. आज संध्याकाळी हिराजींची पाळी होती. गेले नाहीत तर मुकादम त्यांच्या जागी दुसरा घेणार होता.

साहेबांनी तिला कसलंही आश्वासन दिलं नाही. आम्ही बघतो, एवढंच म्हणाले. पुढं उरण येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती की उरणकडूनही खोट गव्हाणलाच निघेल.

उरणच्या खोलीत मी तपासणीचं मशीन जोडलं. जोडण्याआधी टोक पुसलं, पाहिलं, पुन्हा पुसलं. पडद्यावर रेघ उमटायला लागली. तारेतल्या प्रकाशाची ही रेघ हळूहळू उतरत जाते आणि खोट असेल तिथं एकदम पायरी पडते. रेघ गव्हाणपर्यंत आली. तिथं एक बारीकशी पायरी होती, जुन्या जोडाची, केबल टाकली तेव्हापासूनची. जोडाला तेवढी असतेच, राण्यांच्या माणसांनी हिलाच खोट धरलं होतं. रेघ तशीच पुढं गेली, कुठंही न अडखळता, पार पनवेलपर्यंत. आणि अगदी शेवटी, लाइन संपण्याच्या जराशी आधी, ती धपकन खाली आली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. लाइन जिथं संपते ती जागा म्हणजे आमचीच खोली. आमचं पॅनेल.

परत येताना जनाबाई मोरीपाशी नव्हती. चौकीत जाऊन बसली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

पनवेलला आल्यावर साहेबांनी यार्डांना फोन करून थोडा वेळ लाइन बंद ठेवायची परवानगी घेतली. मी मशीनचा प्रकाश बंद केला, मीटर लावून खात्री केली आणि ती वायर काढली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर अख्खं टोक खडीच्या ढिगासारखं. आमच्याकडची धूळ मला पाठ होती, खाणीची कशी दिसते, सिमेंटची कशी दिसते. ही तशी नव्हती. मायक्रोस्कोपमध्ये सगळं करडंच दिसतं, त्यामुळे रंगाचा पत्ता लागेना. मग मी सॉकेटच्या आत पुसायची बारीक काडी घातली, फिरवली आणि बाहेर काढली.

काडीचं टोक लाल होतं.

वायरचं टोक कागदावर ओढलं, तर कागदावर लालसर रेघ. मी ती साहेबांपुढे धरली. आम्हा दोघांनाही एकाच वेळी उमगलं. खंडेनवमीला मशीनरूममध्ये पूजा झाली होती. दरवर्षी व्हायची. पॅनेलला झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढे. साहेबांनी स्वतः पॅनेलवर बोटानं कुंकू लावलं होतं. त्या मोकळ्या सॉकेटचं झाकण कधीतरी पडून गेलेलं होतं आणि तिथं चिमूटभर कुंकू आत गेलं होतं. दसऱ्यानंतर लाइन नेमकी त्याच सॉकेटमध्ये आली. प्रकाश कसाबसा पलीकडे पोचत होता. दुपारी ऑक्टोबरच्या उन्हात एसी दमला, खोली तापली, की तेवढाही पुरा पडेनासा व्हायचा.

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर राणे हातात ती टाइप केलेली तक्रार घेऊन बसले होते. तो क्षण मला फार लांब वाटला. लाइन आता सुरू होणारच होती. का बिघडली होती, हे कुणी विचारलं नसतं. गव्हाणला दुरुस्ती केली असं सांगितलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं. वरच्या ऑफिसात, मशीनमध्ये कुंकू गेलं म्हणून आठवडाभर यार्ड खोळंबली, हे सांगणं सोपं नव्हतं आणि ते कुंकू कुणाच्या बोटाचं होतं हे तर मुळीच नाही. मला माझ्या नोकरीचीही काळजी होतीच. साहेब काय म्हणतील त्याची मी वाट पाहत होते. ते काही वेगळं म्हणाले असते तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. सुदैवानं ती वेळ आली नाही.

साहेब म्हणाले, “तो कागद आणि काडी नीट पाकिटात घाला. आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगा.”

मी सॉकेट तीनदा पुसलं, वायर पुसली, पाहिली, जोडली. मीटरवर गेल्या आठवडाभरात पाहिला नव्हता एवढा प्रकाश आला. साहेबांनी तिथंच उभं राहून वरच्या ऑफिसला फोन लावला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. साहेबांचे कान मात्र लाल झाले होते. बाहेर येऊन त्यांनी राण्यांनाही सांगितलं. राण्यांनी पाकीट पाहिलं. मग त्यांनी तक्रारीचा कागद फाडला, तुकडे खिशात घातले आणि न बोलावता येऊन जीपमध्ये मागं बसले.

चौकीच्या ओट्यावर जनाबाई बसली होती. आत बाकावर हिराजी, पायाशी जाळ्याचा ढीग. लहानखुरा माणूस. आदल्या दिवसापासून अंगावर तोच यार्डाचा निळा शर्ट. साहेबांनी हवालदारांना सांगितलं की बिघाड आमच्या खोलीत होता, केबल कुणी कापलेली नाही आणि तिथं पडलेले तुकडे आमच्याच लोकांनी टाकलेला कचरा होता. तसं लिहूनही दिलं. हवालदारांनी पाकिटातला कागद उजेडात धरून पाहिला. त्यांना हसू आलं असावं, पण साहेबांकडे पाहून त्यांनी ते आवरलं.

मग राणे पुढं झाले. हिराजींना म्हणाले, “चुकलं माझं, काका.” हिराजींनी मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते काही त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. राण्यांनी वाकून जाळं उचललं आणि जीपमध्ये नेऊन ठेवलं.

आम्ही म्हटलं, तुम्हाला घरी सोडतो. जनाबाईचाही आग्रह होता, अंघोळ करा, दोन घास खा. हिराजी पहिल्यांदाच बोलले.

“पयलं गेटवर चला, सायेब. घर कुटं जात नाय.”

यार्डाच्या गेटवर पोचलो तेव्हा पाळी बदलायची वेळ होत आली होती. साहेब सिक्युरिटीच्या केबिनमध्ये गेले. आम्ही बाकीचे जीपमध्ये. काचेतून दिसत होतं, साहेब उभे राहून सांगतायत, खुर्चीतला अधिकारी फोन लावतोय, ठेवतोय, पुन्हा लावतोय. शेजारी ट्रेलर एकामागून एक आत जात होते, कुठंही न थांबता. लाइन चालू होती. एरवी ते पाहून मला बरं वाटलं असतं, तेव्हा माझं लक्ष फक्त केबिनकडे होतं. जनाबाईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. तिचा हात गार पडला होता आणि त्याला मासळीचा वास येत होता. राणे दुसऱ्या बाजूला बघत होते.

बऱ्याच वेळानं अधिकाऱ्यानं ड्रॉवर उघडला आणि अडवून ठेवलेला, फीत लावलेला पास काढून साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो तिथं घेतला नाही. ते दारात आले आणि त्यांनी हिराजींना हाक मारली, त्यांनी तो स्वतःच्या हातानं घ्यावा म्हणून.

हिराजी उतरले. पास गळ्यात घातला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाळीवर येणाऱ्या लोकांच्या घोळक्यात मिसळून आत गेले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. ते मला फार बरं वाटलं. आमचे आभार मानायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

जनाबाईला आणि जाळ्याला आम्ही गव्हाणला सोडलं. चहाला थांबा म्हणाली, पण तिच्या घरी चहा घ्यायची आमची छाती झाली नाही, निदान त्या दिवशी तरी. मोरीपाशी साहेबांनी जीप थांबवली. ते आणि राणे झुडपात उतरले आणि केबलचे जुने तुकडे, सालं, जे हाताला लागेल ते गोळा करून मागं टाकायला लागले. मीही उतरले. ते आटपून पुन्हा गाडीत बसलो तेव्हा साहेबांनी सीटवर मान टाकली, मोठा श्वास सोडला आणि ड्रायव्हरला विचारलं, “इथं वडापाव कुठं मिळतो रे?”

सकाळपासून आम्ही कुणी काही खाल्लेलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि मला भयंकर भूक लागली.